तामलवाडीचा थांबा

“तामलवाडीला थांबत न्हाई ही गाडी,” कंडक्टरबाई म्हणाली, आणि हर्षालीनं झटकन मान वर केली. बोलणं तिच्याशी नव्हतंच. तुळजापूरच्या स्टँडवर चढलेल्या, पटका गुंडाळलेल्या एका म्हाताऱ्यांशी होतं. मास्क म्हणून त्यांनी उपरण्याचं टोक तोंडाला बांधलं होतं आणि बोलायला लागले की ते नाकाखाली घसरत होतं.

“थांबत न्हाई म्हंजे? गाव उठून गेलं का काय?”

“गाव हाय तिथंच हाय, काका. गाडी थेट हाय. सोलापूरचं तिकीट घ्या, न्हाईतर हितंच उतरा.”

“आन् सोलापुरात जाऊन काय करू? कोरोना घिऊन येऊ व्हय माघारी?”

मागं कुणीतरी मास्कच्या आत हसलं. म्हातारे पुटपुटत बसले, एका सीटवर एकच माणूस असल्यामुळं ऐसपैस बसले, पण रुसल्यासारखे खिडकीकडं तोंड करून. कंडक्टरबाईनं छताखालची दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. गाडी हलली. कुंकवाची, कवड्यांच्या माळांची दुकानं फळ्या लावून बसलेली होती. देऊळ अजून बंद होतं, आणि एरवी या स्टँडवर पाय ठेवायला जागा नसायची तिथं एक कुत्रं आडवं पसरून निवांत झोपलं होतं. हर्षालीनं शेजारी पाहिलं. तिची लेक अक्षदा खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसली होती. तिनं ऐकलं होतं का? हिच्या बाबतीत ते कधी सांगता आलं आहे? दोन घंट्या झाल्या तेव्हा पोरीचा उजवा हात आपसूक हवेतल्या हवेत वर गेला होता आणि खाली आला होता, घरच्या खेळात आईच्या घंट्यांना जायचा तसाच. म्हणजे सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. धाराशिवच्या स्टँडवर घंटी, तुळजापूरला घंटी. आता घाट उतरला की टोलनाका, आणि टोलनाका गेला की तामलवाडी. आणि तामलवाडीला गाडी थांबते. जगातल्या सगळ्या गाड्या थांबतात. नुसत्या थांबत नाहीत, दूध वर येईपर्यंत थांबतात. हे या कंडक्टरबाईला कोण सांगणार होतं?

सांगायचं तर सुरुवात कुठून करायची हाही प्रश्नच होता. कोरोना यायच्या आधी दर आठवड्याला त्या दोघी याच रस्त्यानं सोलापूरला जायच्या. तिथल्या मॅडम अक्षदाला समोर बसवून घ्यायच्या, मणी ओवायला लावायच्या, बोट दाखवायला शिकवायच्या. स्वमग्न आहे, असं त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं होतं, आणि रडू नका म्हणाल्या नव्हत्या, त्यामुळं हर्षालीला त्या एकदम पटल्या होत्या. तेव्हा साधी गाडी असायची, प्रत्येक फाट्याला थांबणारी. सुरुवातीला अक्षदा त्या गाडीत कान झाकून किंचाळायची. बायका वळून बघायच्या. एकीनं येरमाळ्याच्या येडाईदेवीला नवस बोलायला सांगितलं होतं, आणि एकीनं फार मायेनं, अगदी हात हातात घेऊन, “दोन ठिवून द्या की गं गालात, आपोआप सरळ हुती,” म्हणून सुचवलं होतं. हर्षाली तेव्हा सगळ्यांना हसून उत्तर द्यायची आणि घरी आल्यावर तोंडाचे स्नायू दुखायचे. पण हळूहळू पोरीला ती गाडी कळली. घाटात झाडं उलटी पळतात, टोलनाक्यावर लाल-पांढरा दांडा वर जातो, आणि दोरी ओढली की माणूस सांगेल तसं हे एवढं मोठं धूड ऐकतं, हे तिला आवडायला लागलं. मॅडमपेक्षा मॅडमकडं जाणं तिला आवडायला लागलं. आणि तेवढ्यात सगळं बंद झालं.

बंद झालं हे अक्षदाला कसं सांगायचं? उद्या, परवा, पंधरा दिवसांनी, असले शब्द तिच्या जगात नव्हतेच. सोलापूरचा दिवस आला की ती चपला घालून दाराशी उभी राहायची. दार उघडत नाही म्हटल्यावर दारावर कपाळ आपटायची, एका तालात, न रडता. हर्षाली मध्ये हात घालायची, मग हातावर आपटायची. रस्त्यावर पोलिसांची गाडी भोंग्यावरून घरात राहा म्हणून सांगत फिरत होती. त्यातच सोमेश ज्या वीज उपकेंद्रावर कामाला होता तिथला एकजण पॉझिटिव्ह निघाला आणि सोमेशला पुढच्या खोलीत एकटं बसावं लागलं. मधल्या दाराला कडी. पोरीची सवय अशी की संध्याकाळी बाप आला की त्याच्या पोटाला डोकं लावून उभं राहायचं, त्याशिवाय दिवस मावळायचाच नाही. आता एका बाजूला बाहेरचं दार आणि एका बाजूला बापाचं दार, आणि दोन्हींच्या मध्ये ही, कपाळावर टेंगूळ घेऊन. फोनवर मॅडम दिसायच्या, प्रेमानं हाका मारायच्या. अक्षदा फोन पालथा घालून ठेवायची. ते हर्षालीला खरं तर बरोबरच वाटायचं. एवढ्याशा काचेत माणूस मावतं का?

मग एका दुपारी, टेंगळावर हळद लावता लावता, हर्षालीला काय झालं कोण जाणे, तिनं पेटीतल्या सगळ्या परकरांच्या नाड्या ओढून काढल्या. एकीला एक गाठ मारली. मधल्या खोलीतल्या खिडकीच्या गजापासून स्वयंपाकघराच्या दारावरच्या खिळ्यापर्यंत दोरी ताणली, आणि घंटी पाहिजे म्हणून देव्हाऱ्यातली घंटी काढून तिला बांधली. कपाट झालं धाराशिव. कॉट झाली तुळजापूर. स्वयंपाकघराचा उंबरा तामलवाडी, आणि सोमेशच्या खोलीचं बंद दार सोलापूर. स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं धरून हर्षाली पुढं, तिच्या ओढणीचं टोक धरून अक्षदा मागं. “चला सोलापूर, सोलापूर, तुळजापूर सोलापूर!” असा आवाज तिनं काढला तेव्हा तिला स्वतःलाच दचकायला झालं, इतका तो खरा होता. पलीकडून सोमेश ओरडला, “काय गं, काय झालं?” पोरगी मात्र चपला घालून आली आणि निमूट ओढणी धरून उभी राहिली. त्या दिवशी ती दारावर आपटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

येरमाळ्याहून सासूबाईंचा, धुरपदाबाईंचा, फोन आला तेव्हा घंटीचं प्रकरण बाहेर पडलंच. “देवाची घंटी एस्टीला लावली व्हय? आगं, येडाई बघती की वरून!” “आत्याबाई, आरतीला काढून आणते मी, परत लावते.” “मग देवीबी बसती म्हण की गाडीत.” आणि मग हळू आवाजात, “बसू दे. तिला तरी कुठं जत्रा हाय औंदा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

गाडी घाटाला लागली होती. झाडं उलटी पळायला लागली तसं अक्षदानं गजावरचं कपाळ सोडून खिडकीच्या काचेला टेकवलं. तिचा निळा मास्क नाकावर नीट होता. मास्क हे एक हर्षालीनं जिंकलेलं युद्ध होतं. आधी बाहुलीला, मग ताटाला, मग ड्रायव्हरला, म्हणजे स्वतःला, असा करत करत तो तिथवर पोचला होता. खाली शेतात सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. घाट संपेपर्यंत तिनं काहीतरी ठरवायला हवं होतं. उठून कंडक्टरबाईला विनंती करायची? ताई, जरा एवढं तामलवाडीला थांबवता का, माझ्या मुलीला… तिला काय? पुढचं वाक्य गेल्या तीन-चार वर्षांत तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की ते तोंडात आलं की चघळून चोथा झालेल्या उसासारखं लागायचं. आणि म्हाताऱ्या माणसासाठी जी थांबायला तयार नाही ती खेळासाठी गाडी थांबवेल?

खरी चूक तामलवाडीची नव्हतीच, चूक तिची होती. मोठा थांबा तुळजापूरचा असतो हे काय तिला माहीत नव्हतं? पण कॉटपाशी थांबून करायचं काय? खेळ चालायचा तो दुपारच्या चहाच्या वेळी. गॅसवर दूध असायचं, आणि तामलवाडी नेमकी स्वयंपाकघराच्या दारात. केरसुणी आडवी धरायची, तो टोलनाका. ती उचलली की अक्षदा दोरी एकदा ओढणार, टिंग, गाडी थांबणार, आणि ड्रायव्हर ताट ओट्यावर ठेवून दूध बघणार. “तामलवाडी! दूध वर येईपर्यंत थांबंल गाडी!” दूध फुगून वर आलं की दोघींनी मिळून फुंकर घालायची, गॅस बंद करायचा, आणि मग हर्षालीनं दोनदा दोरी ओढायची. एक घंटी अक्षूची, दोन घंट्या आईच्या. थांबवायचं काम पोरीचं, सोडायचं काम आईचं. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण त्यात इतक्या महिन्यांत कधी बदल झाला नाही. सोडायच्या घंट्यांसाठी हर्षालीनं दोनदा तिचा हात धरून दोरीला लावून बघितला. तिनं तो जळल्यासारखा ओढून घेतला. दुधाच्या सोयीसाठी आईनं जगाच्या नकाशात एक थांबा घुसडला, आणि पोरीनं तो श्रद्धेनं मान्य केला. घरात बसून लोकांनी काय काय चुका केल्या असतील, पण ही दुसऱ्या कुणाला जमली नसती.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिनं सोमेशलाही सांगितली नव्हती. काही दुपारी ती गॅस मुद्दाम बारीक करायची. दूध सावकाश वर यावं म्हणून. उंबऱ्यावर बसलेली पोरगी पातेल्याकडं बघत असायची, दुधावर साय धरताना पडणाऱ्या सुरकुत्या बघत असायची, आणि तिचा खांदा आईच्या दंडाला टेकलेला असायचा, आपणहून टेकलेला. बाहेर चिडीचूप. कुणी दार वाजवणार नव्हतं, कुणी लग्नाचं आवतण देणार नव्हतं, वाढदिवसाला बोलावून पोरगी एका कोपऱ्यात का बसली म्हणून विचारणार नव्हतं. सगळ्या जगाला तिच्या घराचे नियम लागू झाले होते. अंगाला हात लावू नका, लांबून बोला, गर्दीत जाऊ नका, हात पुन्हा पुन्हा धुवा. वर्षानुवर्षं तिच्या एकट्या पोरीला विचित्र म्हणणारे लोक आता दूधवाल्यानं ठेवलेल्या पिशवीकडं अशा नजरेनं बघत होते की अक्षदा त्यांच्यापुढं शहाणी वाटावी. माणसं मरत होती, चालत गावाला जात होती, हे तिला कळत होतं, आणि तरी त्या उंबऱ्यावर तिला सुख वाटत होतं. त्या सुखाची तिला भीती वाटायची. गाडी तामलवाडीत कायमची उभी राहिली तर? एक दिवस दूध वर येऊच नये असं वाटलं तर?

पलीकडच्या दारामागून सोमेश विचारायचा, “सोलापूर आलं का?” हा त्याचा खेळातला एकुलता एक संवाद. चौदा दिवस उलटून तो बाहेर आला तरी खेळापुरता तो आत जाऊन बसायचा, दार लावून घ्यायचा. आत बसून त्याला सगळं ऐकू यायचं. एक घंटी, मग शांतता, मग फुंकर, मग दोन घंट्या. मग दार उघडायचा आणि पोरगी त्याच्या पोटाला डोकं लावायची. वाईट माणूस नव्हता तो. म्हणूनच आज सकाळी तो जे बोलला ते तिला जास्त लागलं होतं. डब्यात दशम्या भरताना तो मागं येऊन उभा राहिला. “बघ, नेतेस तर ने. पण ती घरी बरी राहती, हे तूच म्हणतेस. टेंगूळ न्हाई, आरडाओरडा न्हाई. कशाला परत ती वणवण? आज गाडीत पहिल्यासारखं झालं, तर आपण सोलापूर बंद करू. आईकडं येरमाळ्याला ठिवू, मोकळं रान हाय, शेळ्या हायेत. राहील आपली आपल्या तंद्रीत.” ती दशम्या मोजून भरत राहिली. तो तिच्याच मनातलं बोलला होता, फक्त त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते तिला ओळखू आलं होतं. आपली आपल्या तंद्रीत. म्हणजे उंबऱ्यावर. कायमची. आणि हर्षालीला एकदम, दशमीचं फडकं बांधता बांधता, राग आला होता. सोमेशचा नाही, त्या बारीक गॅसचा.

घाट मागं पडला. रस्ता सरळ झाला आणि लांबवर टोलनाक्याचं छप्पर दिसलं. अक्षदाची बोटं हलायला लागली, हवेत न दिसणारं काहीतरी मळल्यासारखी. तिला कळलं होतं. तिला नेहमीच कळायचं. आता काय होईल ते हर्षालीला दिसत होतं: टोल जाईल, गाव येईल, गाडी थांबणार नाही, पोरगी पहिल्यांदा गप्प राहील, मग तिच्या घशातून तो आवाज येईल, मग कपाळ आणि गज. इतक्या महिन्यांचं सगळं त्या एका गजावर फुटेल. बायका वळून बघतील. आणि संध्याकाळी सोमेश सरळ येरमाळ्याला फोन लावील.

ती तिला घट्ट धरू शकत होती. मांडीवर दाबून, डोकं छातीशी घेऊन, कानावर हात ठेवून, गाव जाईपर्यंत. हात तसे पुढं झालेही. गाडी टोलवर हळू झाली. दांडा वर गेला. आणि अक्षदा सीटवर उभी राहिली.

चपला घालूनच उभी राहिली. तिची नजर वर, छताखालून जाणाऱ्या दोरीवर होती. हर्षालीचे हात तिच्या कमरेपाशी येऊन थबकले. खाली बसवायचं की धरायचं, एवढाच प्रश्न होता. हात तेच, जागा तीच. तिनं धरलं. नुसतं धरलं नाही, थोडं वर उचललं.

टिंग.

गाडी करकचून ब्रेक लावत बाजूला जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. घंटी झाली, थांबला. समोर पिंपळाचा पार होता, कुलूप लावलेली एक टपरी होती, आणि पाटीवर लिहिलं होतं तामलवाडी.

“कुणी मारली बेल?” कंडक्टरबाई जागेवरून उठली.

“माझ्या मुलीनं,” हर्षाली म्हणाली. “मी मारू दिली.”

“मारू दिली? आवो ताई, खेळ हाय का ह्यो?”

“हो.”

या उत्तराची कंडक्टरबाईला अपेक्षा नसावी. तिचं तोंड मास्कच्या आत उघडं राहिल्याचं बाहेरून दिसलं. तेवढ्यात पटक्यातले म्हातारे पिशवी सावरत, कुणाच्या लक्षात यायच्या आत, दारापर्यंत पोचले होते. “बरं झालं बाय,” ते अक्षदाला म्हणाले, “ह्या बाईपरीस तूच मास्तर व्हय एस्टीची.” आणि दार उघडून उतरूनही गेले. मागं हशा पिकला. “काका, तिकीट सोलापूरचं हाय तुमचं!” “ऱ्हाऊ दे, तुमीच जावा त्याच्यावर!” खालून उत्तर आलं.

“चला बसा खाली, पोरीला बसवा. उशीर होतोय,” कंडक्टरबाई दोरीकडं हात नेत म्हणाली.

“थांबा,” हर्षाली म्हणाली. “जरासं. दूध वर येऊ द्या.”

“कसलं दूध?”

हर्षाली पोरीकडं बघत होती. अक्षदा कुठंच बघत नव्हती. म्हणजे जिथं बघत होती तिथं गॅस होता, पातेलं होतं, साय सुरकुतत होती. गाडीचं इंजिन घुमत होतं आणि त्याच्या थरथरीनं तिच्या वेणीचं टोक हलत होतं. किंचाळली नाही. गज बाजूलाच होता, तिकडं वळली नाही. हर्षालीला वाटलं, आपण घर बंद करून हिला आत ठेवलं असं समजत होतो, आणि हिनं ते घर घडी घालून बरोबर आणलं आहे. उंबरा, ओटा, केरसुणी, सगळं. कंडक्टरबाई काहीतरी बोलायला निघाली होती, पण पोरीच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की तीही क्षणभर दुधाची वाट बघितल्यासारखी उभी राहिली.

अक्षदानं मास्क हनुवटीखाली ओढला. ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली. फू. मग मास्क परत नाकावर नीट बसवला.

आता दोन घंट्या. आता आईचं काम. हर्षालीनं उजवा हात कमरेवरून सोडवला, वर न्यायला लागली, आणि तो अर्ध्यात राहिला. कारण दोरीवर आधीच एक हात होता, लहान, तळव्याला जुन्या हळदीसारखा पिवळट, बोटं घट्ट मिटलेली.

टिंग टिंग.

गाडी हलली. ड्रायव्हरला काय, दोन घंट्या झाल्या, निघाला.

“अगं बया,” कंडक्टरबाई धक्क्यानं सीटला धरत म्हणाली, “आता मी काय करू? घरी जाऊ?” पण ती हसत होती, डोळ्यांच्या कडांना दिसत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “तिलाच तिकिटं फाडू द्या की!” अक्षदा खाली बसली. फ्रॉक गुडघ्यांवर ओढला. कपाळ काचेला टेकवलं. हर्षालीचा तो एक हात अजून हवेतच होता. त्याला काही काम उरलं नव्हतं, आणि कुठं ठेवावा ते तिला कळेना. शेवटी तिनं तो मांडीवर ठेवला, दुसऱ्याचा असावा तसा. बाहेर सोयाबीन, मग तूर, मग पुन्हा सोयाबीन. पिंपळाचा पार मागं मागं जाऊन लहान झाला.

पर्समध्ये फोन वाजला. सोमेश.

“कुठवर आलाव?” त्याच्या आवाजात सकाळचं सगळं होतं, आणि ते लपवायचा प्रयत्नही.

“तामलवाडी सोडली.”

बंद दारामागं बसून घंट्या मोजायचा, तसा पलीकडं तो आत्ताही मोजत असावा.

“कुणी सोडली?” त्यानं विचारलं.

हर्षालीनं शेजारी पाहिलं. काचेवर पोरीच्या श्वासाचा गोल उमटत होता, पुसला जात होता, पुन्हा उमटत होता.

“तिनं,” ती म्हणाली.